परक्या मुलीवर दिलेला निकाल

आदरणीय ताई,

आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. यजमान अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. मुलगा २२ वर्षांचा असून नुकताच नोकरीला लागला आहे, मुलगी १९ वर्षांची असून कॉलेज रोडला शिकते, आणि निफाडकडच्या आमच्या सासूबाई आमच्याजवळच असतात. रात्री जेवताना आम्ही सगळे मिळून डेटिंगचा एक रिॲलिटी शो पाहतो. त्यातल्या एका मुलीने आधी एकाशी जोडी जमवली, पुढे तिला दुसरा आवडू लागला, तेव्हा पहिल्याला समोर बसवून तसे सांगितले आणि ती दुसऱ्याकडे गेली. आमचे यजमान म्हणाले, "असल्या मुलीला घरात कोण घेणार?" सासूबाई म्हणाल्या, "आईबापाचं नाक कापलं हिनं." मी म्हटले, "चालूच दिसतेय." त्याच कार्यक्रमात एक मुलगा दोघींना एकाच वेळी 'तूच माझी' असे सांगत होता, त्याच्यावर आम्ही हसलो, आणि आमचा मुलगा म्हणाला, "खरा गेम तर हा खेळतोय." मग त्याने मोबाइल पुढे केला. त्या मुलीच्या फोटोखाली त्याने काहीतरी घाणेरडे लिहिले होते आणि शंभरावर लोकांना ते आवडले होते. माझी लेक ताट घेऊन उठली. "उद्या माझ्याबद्दलही हेच बोलाल," एवढेच म्हणाली. तीन आठवडे झाले, ती तिच्या खोलीत जेवते. टीव्हीवरच्या परक्या मुलीबद्दल बोललो, तर घरच्या मुलीने एवढे मनाला का लावून घ्यावे? ती मुलगी स्वतःहून कॅमेऱ्यासमोर गेली आहे, तिला पैसे मिळतात. आम्ही आमच्या लेकीला काही कमी केलेले नाही. माझे चुकले का?

एक आई, इंदिरानगर, नाशिक

ता. क. : हा शो ज्यावर पाहतो, ते ॲपच बंद करून टाकावे का?


प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार.

आपण सरळ विचारले आहे, म्हणून सरळ उत्तर देते. होय, आपले चुकले. यजमानांचेही चुकले, आणि मुलाचे तर आपण समजता त्याहून अधिक चुकले. मात्र लेकीचे ताट खोलीत जाते आहे याची टोचणी आपल्याला लागली आणि स्वतःच्या तोंडून गेलेला शब्द आपण जसाच्या तसा लिहून पाठवला, यावरून मला वाटते की हे सावरता येण्यासारखे आहे.

प्रथम आपल्याच पत्रातल्या दोन माणसांकडे पाहू. त्या मुलीची पसंती बदलली, आणि दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी तिने पहिल्याला समोर बसवून ते सांगितले. तो मुलगा मात्र दोन मुलींना एकच वचन देत होता आणि प्रत्येकीपासून दुसरीची गोष्ट लपवत होता. विश्वास कोणी मोडला, एवढेच एखाद्या त्रयस्थाला विचारले, तर तो मुलाकडे बोट दाखवील. आपल्या घरात मुलीच्या वाट्याला तीन शेरे आले आणि मुलाच्या वाट्याला कौतुकाचे हसू आले. कोण कसे वागले, हे कोणी तपासलेच नाही. मुलगी असून तिने उघडपणे मन बदलले, एवढ्यावरच निकाल लागला. तिचा खरेपणा तिच्या बाजूने जमा व्हायला हवा होता, तो तिच्या विरुद्ध गेला. कारण मनातले तिने मनातच ठेवले असते, तर याच घरात ती कदाचित 'साधी' ठरली असती.

आता लेकीने हे मनाला का लावून घेतले, याकडे वळते. आपल्या दृष्टीने पडद्यावरची मुलगी परकी आहे. १९ वर्षांच्या मुलीला ती तितकी परकी वाटत नाही, कारण लेक तिच्या जागी स्वतःला ठेवून पाहत असते. कॉलेज रोडवर रोज जाणाऱ्या मुलीच्या आयुष्यात कोणी आवडणे, कोणाबरोबर मिसळ खायला जाणे, चार महिन्यांनी तो नकोसा वाटणे आणि 'आता पुरे' असे त्याला सांगण्याची वेळ येणे, यांपैकी काहीही घडू शकते. कदाचित घडलेही असेल. अशा वेळी घरची माणसे काय म्हणतील, हे मुली आईबापांना थेट विचारत नाहीत. शेजारच्या मुलीबद्दल, पळून जाऊन लग्न केलेल्या मामेबहिणीबद्दल, मालिकेतल्या नायिकेबद्दल आपण काय बोलतो, ते त्या कान देऊन ऐकतात आणि त्यावरून आपापला अंदाज बांधतात. त्या रात्री आपल्या लेकीला हे उत्तर घरातल्या चारही माणसांकडून एका सुरात मिळाले.

मला काळजी वाटते ती हे उत्तर तिला पुढे कधी आठवेल याची. समजा, उद्या एखाद्या मुलाने तिचा नकार मानला नाही आणि तो गंगापूर रोडपर्यंत तिच्या मागे येऊ लागला, किंवा विश्वासाने पाठवलेला एखादा फोटो सगळ्यांना दाखवीन अशी धमकी देऊ लागला. त्या वेळी ती घरी येऊन सांगेल की नाही, हे तिच्या धीटपणावर थोडे आणि आपल्या जेवणाच्या टेबलावरच्या बोलण्यावर पुष्कळ अवलंबून आहे. अशा धमक्या मुली महिनोन्महिने मुकाट्याने सोसतात, तेव्हा धमकी देणारा फार बलवान असतो असे नाही. 'आई आधी मलाच चालू म्हणेल' ही भीती त्याचे काम सोपे करते. आपल्या लेकीला आपण काही कमी केलेले नाही, हे मी मानते. हे एक दार मात्र त्या रात्री तिला बंद झालेले दिसले, आणि ते आपणच पुन्हा उघडायला हवे.

ती स्वतःहून कॅमेऱ्यासमोर गेली आणि तिला पैसे मिळतात, हे आपले म्हणणे खरे आहे. कार्यक्रमात भाग घेणाऱ्याच्या वागण्याची चर्चा होणारच. परंतु तो मुलगाही स्वतःहूनच गेला आहे आणि त्यालाही पैसे मिळतात, मग हे कारण एकटीलाच कसे लागू पडते? शिवाय हे कार्यक्रम कसे घडवले जातात, तेही पाहायला हवे. अमेरिकेत 'द बॅचलर' २००२ साली सुरू झाला तो एक पुरुष आणि त्याच्यासाठी आलेल्या २५ स्त्रिया अशा मांडणीने. आपल्याकडे एमटीव्हीवर २००८ साली 'स्प्लिट्सव्हिला' आला, तेव्हा पहिल्या पर्वात मुलगे २ होते आणि मुली २०. उलट मांडणीही पुढे आली, पण वीस जणींना दोघांसाठी झुंजायला लावायचे आणि त्या झुंजल्या की 'बायका अशाच' म्हणायचे, याची सवय प्रेक्षकांना तिथूनच लागली. अनेक कॅमेरे दिवसभर जे टिपतात, त्यातले तासाभराचेही आपल्यापर्यंत येत नाही. संकलनात एका प्रसंगातले वाक्य दुसऱ्या प्रसंगाला जोडता येते, ऐकणाऱ्याचा चेहरा भलत्याच वेळचा लावता येतो, खाली संशयाचे संगीत घालता येते. एवढ्या तोकड्या पुराव्यावर कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करणे धाडसाचे आहे, मग ते माणूस मुलगी असो की मुलगा.

हे आपल्याच घरात घडले असे समजू नका. ब्रिटनमध्ये 'लव्ह आयलंड' नावाचा कार्यक्रम आहे. २०१६ साली त्यात झारा हॉलंड ही तरुणी गेली, तेव्हा तिच्याकडे 'मिस ग्रेट ब्रिटन' हा किताब होता. कार्यक्रमातल्या एका तरुणाशी तिचा शरीरसंबंध आला, म्हणून किताब देणाऱ्यांनी तो काढून घेतला. तो तरुण कार्यक्रमात राहिला, दुसऱ्या मुलीबरोबर त्याची जोडी जमली आणि ती जोडी अंतिम फेरीत दुसरी आली. कृत्य दोघांचे होते, तेही एकाच रात्रीचे. त्याआधी २०१५ साली अमेरिकेतल्या 'द बॅचलरेट'मध्ये केटलिन ब्रिस्टो ही तरुणी निवड करण्याच्या जागी होती. एका उमेदवाराशी ती जवळीक करून बसली, तर तिला जिवे मारण्याच्या धमक्यांपर्यंत निरोप आले, आणि त्यांतले काही घाणेरडे संदेश सूत्रसंचालकाने कार्यक्रमातच तिच्यासमोर वाचून दाखवले. ज्या 'द बॅचलर'मधून हा कार्यक्रम निघाला, त्यात एक पुरुष शेवटच्या तीन स्त्रियांबरोबर एकेक रात्र घालवतो आणि प्रेक्षक त्याला कार्यक्रमाचा नेहमीचा टप्पा म्हणून पाहतात.

रागाचेही तसेच आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्याच 'लव्ह आयलंड'मध्ये फे विंटर नावाच्या तरुणीला तिच्या जोडीदाराची एक चित्रफीत दाखवण्यात आली. तो दुसरीकडे ओढला गेला होता असे तिला त्यातून दिसले, आणि ती त्याच्यावर बराच वेळ ओरडली. ब्रिटनच्या प्रसारण नियामकाकडे, म्हणजे ऑफकॉमकडे, या एका भागाबद्दल सुमारे २५ हजार तक्रारी गेल्या. तिचे ओरडणे मलाही आवडले नाही, आणि एका प्रसंगावरून नियम काढता येत नाही, हे मी जाणते. पण २००८ साली व्हिक्टोरिया ब्रेस्कॉल आणि एरिक उलमन या दोन अमेरिकी संशोधकांनी नेमके हेच तपासले होते. नोकरीच्या मुलाखतीत राग व्यक्त करणारा पुरुष आणि तसाच राग व्यक्त करणारी स्त्री यांच्या चित्रफिती त्यांनी लोकांना दाखवल्या. पुरुषाला राग आला, तर लोकांनी त्याचे कारण परिस्थितीत शोधले आणि त्याचा मान वाढवला. स्त्रीला राग आला, तर तो तिच्या स्वभावातच आहे असे ठरवले आणि तिचा मान कमी केला. या संशोधनातला मला फार मोलाचा वाटलेला भाग असा, की राग येण्यामागे बाहेरचे काय कारण होते हे स्त्रीने सांगितले, तेव्हा तिला बसणारा हा फटका नाहीसा झाला. म्हणजे पुरुषासाठी आपण कारण स्वतःहून शोधून देतो आणि स्त्रीने ते पुराव्यासह मांडावे अशी अपेक्षा करतो. पुढच्या वेळी एखादी मुलगी पडद्यावर चिडेल, तेव्हा 'काय झालं असेल हिला?' हा प्रश्न घरात मोठ्याने विचारून पाहा.

आपल्याकडचेही पाहा. 'बिग बॉस' डेटिंगचा कार्यक्रम नाही, पण त्यातल्या जोड्यांची चर्चा तशाच पद्धतीने होते. हिंदीच्या सतराव्या पर्वात, २०२३ च्या डिसेंबरमध्ये, एक तरुणी घरात आली आणि एकाच वेळी आपल्याशी आणि दुसरीशी संबंध ठेवून फसवल्याचे तिने मुनव्वर फारुकी या स्पर्धकाला सगळ्यांसमोर सुनावले. महिन्याभराने, जानेवारी २०२४ मध्ये, तोच विजेता ठरला. लोकांनी त्याला मत का दिले याची कारणे अनेक असतील, ती मी नाकारत नाही. पण हाच आरोप एखाद्या मुलीवर झाला असता, तर ती त्यातून महिन्याभरात उभी राहिली असती का, याचे उत्तर आपण स्वतःलाच द्यावे. प्रेक्षक स्त्रियांना निवडतच नाहीत, असे माझे म्हणणे नाही. हिंदी 'बिग बॉस'च्या पहिल्या १८ पर्वांपैकी ८ स्त्रियांनी जिंकली. भांडणारी, कणखर, हजरजबाबी स्त्री आपल्याला आता चालते. प्रेमात स्वतःहून पुढे होणारी आणि स्वतःहून मागे फिरणारी स्त्री मात्र अजून चालत नाही. पुरुष प्रेक्षकांच्या रोषातून नेहमीच सुटतात असेही नाही: २०१८ साली 'लव्ह आयलंड'मधल्या एका तरुणाच्या वागण्याबद्दल घरगुती अत्याचार सोसणाऱ्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या 'विमेन्स एड' या ब्रिटिश संस्थेने जाहीरपणे धोक्याचा इशारा दिला होता आणि अनेक प्रेक्षकांनी तो उचलून धरला होता. लोकांची नजर बदलू शकते, म्हणूनच तर आपल्याला इतके लिहिते आहे.

आपण वापरलेल्या शब्दाबद्दल थोडे. 'चालू', 'उठवळ', 'छचोर', 'वाया गेलेली' हे शब्द उच्चारले की डोळ्यांसमोर मुलगीच येते. मुलासाठी याच अर्थाचे शब्द शोधू गेले, तर 'रंगेल', 'दिलफेक', फार तर 'वात्रट' असे सापडतात, आणि त्यांत रागापेक्षा लाड अधिक असतो. पतिव्रता हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. बायकोशी एकनिष्ठ असणाऱ्या पुरुषासाठी तितका रुळलेला शब्द आपल्याकडे नाही, आणि त्याला जे म्हटले जाते ते 'बायकोच्या ताटाखालचे मांजर'. याने मुलांचेही नुकसान होते, हे आपण मुलाची आई म्हणून ध्यानात घ्यावे. याच कार्यक्रमांत एखादा मुलगा एकीवरच जीव लावून बसतो, ती गेली तर रडतो, तेव्हा त्याची किती टर उडवली जाते ते पाहिलेच असेल. 'खरा गेम' खेळणाऱ्याचे कौतुक ऐकत वाढलेला मुलगा उद्या स्वतःच्या संसारात कोणती वागणूक मर्दपणाची समजेल, हाही प्रश्न आपल्याच घरातला आहे.

हा प्रश्न कुठल्या परदेशी वाऱ्याने आणलेला नाही. १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर स्वतःच्या नवजात बाळाच्या हत्येचा खटला चालला आणि तिला फाशी सुनावली गेली. अपिलात पुढे ती शिक्षा कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रियांच्या नीतीवर ताशेरे झडू लागले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक पुण्यात छापून घेतले. स्त्रीच्या अंगी म्हणून जे जे दोष सांगितले जातात ते पुरुषांच्या अंगी नाहीत काय, आणि दोघांच्या कर्माचा दोष एकटीच्या माथी का, असा त्या पुस्तकाचा रोख आहे. जिला आपण कधी भेटलो नाही, जिच्याबद्दल चार ओळी वाचल्या आहेत, अशा बाईचा निवाडा घरोघरी होत होता, आणि त्यावर मराठीत एका बाईनेच बोट ठेवले होते. आपली लेक ताट घेऊन उठली, ती त्याच प्रश्नावर उठली, असे मला वाटते.

एक गोष्ट मला स्वतःबद्दल सांगायला हवी. मी नाशिकला महाविद्यालयात होते, तेव्हा आमच्या वर्गातली एक मुलगी घरी जाताना कधी एकाच्या, कधी दुसऱ्याच्या स्कूटरवर बसून जात असे. मुलांनी तिला 'सिटी बस' असे नाव ठेवले. स्कूटर चालवणाऱ्यांना कोणी नाव ठेवले नाही. ते नाव मीही उच्चारले, आणि एकदा तिच्या कानावर जाईल इतक्या मोठ्याने उच्चारले. दुसऱ्या वर्षी ती महाविद्यालयात दिसली नाही. तिचे घर पार नाशिक रोडला होते आणि बसला दीड-दीड तास लागत असे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. तिची क्षमा मागायची संधी मला मिळाली नाही. आपल्याला ती आहे, आणि खोली दोन पावलांवर आहे.

मुलाने लिहिलेल्या मजकुराकडे आता वळते, कारण घरात बोललेला शब्द घरात विरतो आणि फोटोखाली लिहिलेला त्या मुलीपर्यंत पोचतो. जपानमध्ये 'टेरेस हाउस' नावाच्या कार्यक्रमात हाना किमुरा ही २२ वर्षांची कुस्तीगीर होती. कार्यक्रमाच्या घरात एकत्र राहणाऱ्या एका तरुणाच्या निष्काळजीपणाने तिचा कुस्तीचा खास पोशाख धुण्यात आटला, ती त्याच्यावर चिडली, आणि त्यानंतर अनोळखी प्रेक्षकांनी तिच्यावर शिव्यांचा भडिमार सुरू केला. मे २०२० मध्ये तिने आपले आयुष्य संपवले. अशा मृत्यूमागे एकच एक कारण असते असे कोणी म्हणू नये, परंतु तिच्या आईने या भडिमाराविरुद्ध आवाज उठवला. लिहिणाऱ्यांपैकी दोघांना प्रत्येकी ९ हजार येन एवढाच दंड झाला, तेव्हा तो फार तोकडा असल्याची चर्चा देशभर झाली आणि २०२२ साली जपानने अशा अपमानाची शिक्षा वाढवून १ वर्षापर्यंत कैद किंवा ३ लाख येनपर्यंत दंड अशी केली. त्या लिहिणाऱ्यांनाही आपण गर्दीतले एक आहोत, आपल्या एका ओळीने काय होणार, असेच वाटले असेल. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ नुसार स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने वापरलेल्या शब्दांना ३ वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड आहे. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाला हे माहीत असलेले बरे. तरी त्याला आधी कायदा सांगू नका. आधी त्याने लिहिलेली ओळ त्याला आपल्यासमोर मोठ्याने वाचायला सांगा, आणि तीच ओळ बहिणीच्या फोटोखाली कोणी लिहिली तर तू काय करशील, ते विचारा. मग ती ओळ त्याने आपल्यादेखत काढून टाकावी. लोकांना ती आवडली, हे तिच्या बाजूचे कारण होऊ शकत नाही.

लेकीशी बोलताना लांबण लावू नये. जेवणाची वेळ टाळावी, सगळ्यांसमोर बोलू नये, आणि 'आम्ही तुझ्याबद्दल थोडंच बोलत होतो' असे तर मुळीच म्हणू नये, कारण तिने तीन आठवड्यांपूर्वीच हे वाक्य मनात ऐकून नाकारलेले आहे. 'त्या मुलीला मी चालू म्हटलं, ते चुकलं. तिनं निदान खरं सांगितलं होतं. तू असं काही येऊन सांगितलंस, तर मी आधी ऐकून घेईन,' एवढे पुरे. त्यानंतर तिच्या उत्तराची वाट पाहू नये. तिला कोणी आवडतो का, हे त्याच बैठकीत काढून घ्यायचा मोह आपल्याला होईल. तो आवरावा, नाही तर आपली क्षमायाचना चौकशीसाठीच होती असा तिचा समज होईल.

यजमान क्वालिटीत आहेत, तेव्हा त्यांना त्यांच्याच कामातले विचारता येईल. एकाच ड्रॉइंगवरून आलेले दोन नग, एकाला एक गेज आणि दुसऱ्याला भलतेच गेज लावून एक पास केला आणि एक रिजेक्ट केला, तर ऑडिटला ते काय उत्तर देतील? मुलगा आणि मुलगी यांना आपण सगळे रोज हेच करतो. वडिलांनी लेकीकडे जाऊन काही बोलावे असा आग्रह पहिल्या दिवशी धरू नये. पुष्कळ वडिलांना ते जमत नाही आणि जबरदस्तीने बोलले तर बिघडते. टीव्हीसमोर त्यांनी त्या मुलाला एकदा 'हे काही बरोबर नाही' असे म्हटले, तरी खोलीतल्या लेकीला ते ऐकू जाईल.

सासूबाईंच्या वयाचा मान राखून त्यांच्याशी त्यांच्याच ओळखीच्या गोष्टींतून बोलावे. घराण्याचे नाक ते एवढे मुलीच्याच चेहऱ्यावर असते आणि मुलगा काहीही करून आला तरी ते शाबूत राहते, हे त्यांनी जन्मभर पाहिले आहे, आणि त्याचा जाच त्यांनाही तरुणपणी झाला असेल. तो त्यांना विचारून पाहा. आपण ज्याच्या पंचवटीच्या गावात राहतो, त्या रामाला लोक एकवचनी आणि एकपत्नी म्हणून हात जोडतात. दिलेला शब्द पाळणे आणि एकीशीच एकनिष्ठ राहणे ही पुरुषाचीही थोरवी आहे, असे आपली परंपराच सांगते. मग दोघींना 'तूच माझी' म्हणणाऱ्या मुलावर हसावे कसे? आणि विदर्भाच्या दमयंतीने तर भर सभेत देवांना बाजूला सारून आपल्या पसंतीच्या नळाला माळ घातली होती. सासूबाईंना ही कथा माझ्यापेक्षा चांगली सांगता येत असेल. ती त्यांनी नातीला सांगावी, असे सुचवून पाहा.

एक सावधगिरीची सूचनाही करते. लेकीला बरे वाटावे म्हणून आता पडद्यावरच्या प्रत्येक मुलीची बाजू घेऊ लागाल, तर ते तिला पहिल्या वाक्यातच कळेल. मुलीही या कार्यक्रमांत खोटे बोलतात, एकमेकींना तोडतात, एखाद्या मुलाचा वापर करून घेतात, आणि तसे घडले तर तसे म्हणावे. फक्त तोंड उघडण्यापूर्वी मनातल्या मनात दोघांची नावे बदलून पाहावीत, आणि शब्द तेव्हाही तोच येतो का ते तपासावे. मला स्वतःला हे इतक्या वर्षांनीही दर वेळी जमते असे नाही, परंतु जेव्हा जमते तेव्हा निम्मे शब्द तोंडातच राहतात.

आता ता. क. मधला प्रश्न. ॲप बंद करू नका. बंद केलेत तर मुलगा ते मोबाइलवर एकटा पाहील, तिथे त्याला टोकणारे कोणी नसेल, आणि लेकीला वाटेल की आपण उठलो म्हणून सगळ्यांची करमणूक गेली. सदस्यत्वाची मुदत संपेपर्यंत तरी कार्यक्रम पूर्वीसारखाच बाहेरच्या खोलीत, पूर्वीच्याच वेळी लावत जा. लेक पहिल्या रात्री येणार नाही, कदाचित दुसऱ्याही नाही. तिची टेबलावरची जागा मात्र रिकामी ठेवा, तिथे मुलाला बसू देऊ नका, आणि आवाज तिच्या खोलीपर्यंत जाईल इतका असू द्या, म्हणजे आपण आता काय बोलता ते तिला दारामागून ऐकता येईल.

आपली,
ताई